पालथ्या पेल्याजवळचं मीठ

"ट्रास्कबाई, गोळी चोरीला गेली!" आयव्ही स्टॉडर्ड दारातूनच म्हणाली.

"बंदुकीची की औषधाची?" वेंडेलने विचारलं आणि तिचा चेहरा पाहून तो ओशाळला. निवृत्त पोस्टमन असलेल्या वेंडेलची जीभ डोक्याच्या आधी धावायची. म्हणून तर दोघांच्या तपासात डोकं चालवायचं काम ओपल ट्रास्ककडे होतं. लष्करी इस्पितळात परिचारिका म्हणून तिने अर्धं आयुष्य काढलं होतं.

"माझ्या हार्लनच्या खांद्यातली," आयव्ही म्हणाली. "व्हिएतनामपासून आत होती, आत्ता कुठे काढली. डॉक्टर स्वतः फौजेतले. गोळी पाहिली नि गप्पच झाले. मग पत्र दिलं, बाटलीत गोळी दिली. उद्या सकाळी सुनावणी. जखम लढाईतली कशावरून, म्हणत सरकारने उपचारांचा अर्ज दोनदा फेटाळलाय. उद्याही नाही म्हणाले तर पुढचे उपचार बंद. हात जाईल, वर खोटारडा म्हणून शिक्का बसेल तो वेगळाच."

माजी सैनिकांच्या सभागृहात ज्या कपाटात पत्र आणि बाटली ठेवली होती, ते उघडंच होतं. डॉक्टरांचं पत्र जागच्या जागी होतं. बाटली नव्हती.

"पत्र आहे की!" वेंडेल म्हणाला.

"त्यात लिहिलंय, सोबतची गोळी पाहावी," सैनिकांचे अर्ज भरून देणारी बर्निस फणकारली. "गोळीच नाही तर त्या पत्राचं काय लोणचं घालू? किल्ली खिळ्यावर असते, सगळ्यांना ठाऊक आहे. माझ्याकडे काय बघताय?"

आयव्हीचा भाऊ लॉइड बिअर पीत बसला होता. "कसली लढाई! दाजींना हरणाच्या शिकारीत कुणीतरी ठोकलं असेल. मला विचाराल तर ते पत्रही जाळा."

कोपऱ्यात लढाईतून न परतलेल्या सोबत्यांच्या आठवणीचं टेबल मांडलेलं होतं. रिकामी खुर्ची, पालथा पेला, लिंबाची फोड, बशीत मीठ. एमेट क्रॉस खुर्ची पुसत होता. त्या टेबलाला त्याच्याखेरीज कोणी बोटही लावत नसे.

"तुम्ही हार्लनच्याच तुकडीत होतात?" ओपलने विचारलं.

"हो. मीच त्याला पाठीवर घालून आणला."

"ती गोळी पाहिलीत?"

"बघून काय करायचंय? पत्र आहे ना, तेवढं पुरे. गड्याचं काम होऊ दे एकदाचं."

"मीठ आज सढळ हाताने घातलंय," वेंडेल म्हणाला. "चिमूटभर असतं ना?"

"सांडलं," एमेट म्हणाला आणि पाठमोरा झाला.

ओपलने हार्लनला बोलावून घेतलं. तो उजवा हात पोटाशी धरून आला. सगळे जमल्यावर तिने दार लावलं.

"ज्याला अर्ज बुडवायचा होता, त्याने आधी पत्र उचललं असतं. लॉइडने तर नक्कीच. पत्राशिवाय गोळी म्हणजे नुसता धातू. आणि गोळीशिवाय पत्राचा उपयोग नाही, हे बर्निसला पाठ आहे. चोराला मात्र वाटलं, पत्र पुरेल. म्हणजे अर्ज मंजूर व्हावा अशीच त्याची इच्छा होती. गोळी तेवढी कोणाच्या नजरेला पडायला नको होती. 'पत्र पुरे' असं इथे एकच माणूस म्हणाला."

ओपल टेबलाशी गेली.

"सोबत्याच्या अंगातली गोळी सैनिक नदीत फेकत नाही. जिथे कोणी हात लावणार नाही, तिथे ठेवतो. माफ करा," रिकाम्या खुर्चीकडे पाहत ती म्हणाली आणि तिने मिठाच्या ढिगात बोट घातलं. तांबूस, निमुळती गोळी वर आली. "अशा मी शेकडो पाहिल्यात. डॉक्टर का गप्प झाले, कळलं? ही आपल्याच फौजेच्या रायफलची आहे."

एमेटने खुर्चीची पाठ घट्ट धरली. "धुकं होतं. झाडी हलली आणि मी घाबरून घोडा ओढला. जवळ गेलो तर हार्लन." "उद्या गोळी कोणाची हे निघालं असतं, तर त्याला कळलं असतं रे..."

"मला तेव्हाच कळलं होतं," हार्लन म्हणाला.

एमेट त्याच्याकडे वळला.

"पाठीवर घेऊन निघालास ना, सबंध वाट माफी मागत होतास गाढवा. मी बेशुद्ध नव्हतो."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीस?"

"तू नसतास तर माझीही खुर्ची इथेच मांडली असती. काय बोलणार?"

बर्निसने डोळे पुसले. "सुनावणीत गोळी दाखवायची तर ती कोणाची, हेही विचारतील. डोळ्यांनी पाहिलेल्याची साक्ष मिळाली, तर अर्ज फेटाळायला त्यांना तोंड उरणार नाही. पण ती सगळ्यांसमोर द्यावी लागेल, एमेट."

एमेटने मान खाली घातली. वेंडेलला त्या क्षणी त्या चोराची मनापासून दया आली.

हार्लनने डावा हात एमेटच्या खांद्यावर ठेवला.

"एकदा उचलून आणलंस," तो म्हणाला. "उद्या आणखी एकदा ने."