वर्षावासातली पाहुणी

महाडच्या घरात पुराचा छातीभर गाळ साचला, म्हणून यशोधरा अंबरनाथला आत्याकडे राहायला आली. आली तीही नेसत्या कपड्यांनिशी! तिसऱ्या दिवशी भागीरथीआत्याने तिला आपला ढगळ ड्रेस चढवला आणि विहारात नेलं. पावसाळ्यातला तीन महिन्यांचा वर्षावास सुरू झाला होता, रोज संध्याकाळी तिथे ग्रंथवाचन चाले. वाचणाऱ्या पोराने मान वर केली, हिला पाहिलं आणि वाचलेलाच परिच्छेद पुन्हा वाचायला घेतला.

"हे झालं की मघाशीच," ती मागून हळूच म्हणाली.

बाया तोंडाला पदर लावून हसल्या. तो कानापर्यंत लाल झाला. महेंद्र त्याचं नाव, आत्याच्या मागच्याच गल्लीतला, आनंदनगरला कंपनीत कामाला. बाहेर चपला शोधताना म्हणाला, "उद्यापासून तुम्ही वाचा… चुका मी काढतो."

मग काय, दोघं आळीपाळीने वाचू लागली. परतताना पाऊस, छत्री एकच, आणि मधोमध आत्या! तो बिचारा निम्मा भिजत चालायचा, पण चालायचा. संध्याकाळ मोकळी मिळावी म्हणून तो शिफ्ट बदलून घेतो, हे आत्याकडून कळलं तेव्हा यशोधराचा रात्रभर डोळा लागला नाही.

घरून बाबांचा फोन यायचा. गाळ उपसला, पण भिंती अजून ओल्याच आहेत, म्हणायचे. तिला बरं वाटायचं. आणि असं बरं वाटतंय याची मेल्याहून मेल्यासारखी लाज वाटायची.

आश्विन पौर्णिमेला वाचन संपलं. विहारात खीर वाटताना ती मुद्दाम त्याच्यापाशी रेंगाळली.

"उद्या जाते मी."

त्याने पळी हातात तशीच धरली. ओठ हलले… पण म्हणाला एवढंच, "सांभाळून जा. घर नीट लावा."

बस्स! सगळी वाट तिला त्याचा राग येत राहिला.

महाडला पोचली तर घर लख्ख. शेजारच्या गावच्या एका कुटुंबाने महिनाभर फावडी घेऊन राबून ते उभं केलं होतं. आठव्या दिवशी त्यांनीच मुलासाठी तिला मागणी घातली. बाबांना नाही कसं म्हणवणार? तिनेही मान डोलावली. साखरपुडा झाला.

त्यानंतर चौथ्या दिवशी दारात रिक्षा थांबली. महेंद्र आणि त्याचे वडील शंकरराव, हातात पेढे. तिच्या बोटातली अंगठी पाहून शंकररावांनी पुडा हळूच पिशवीत सारला. बाबा त्यांना पाणी द्यायला लागले, तेवढ्यात ती महेंद्रच्या मागोमाग ओट्यावर गेली.

"तिथे का नाही विचारलंत?"

"आसऱ्याला आला होतात तुम्ही. आमच्याच वस्तीत, आत्याच्या घरात… नाही म्हणायचं असतं तर म्हणता आलं असतं तुम्हाला? म्हटलं, स्वतःच्या घरी जाऊ द्यावं, मग विचारावं."

असा विचार करणारं माणूस आपल्या नशिबात होतं, आणि आपण त्याच्यावर रुसून बसलो.

"तिथे मला हो म्हणायचं होतं, महेंद्र," ती म्हणाली. "नाही म्हणता आलं नाही… ते इथे."