अजून वेळ आहे

"लिंबाशिवाय पोहे? काय हो हे!"

पलासियाच्या ठेल्यावर, जानेवारीच्या गारठ्यात, शेजारच्या अनोळखी माणसानं आपली लिंबाची फोड माझ्या प्लेटवर पिळली. न विचारता!

"भिया, पूछ तो लेते!"

"मराठीत रागवा ना. आत्ता आईशी फोनवर बोलत होतात, ऐकलं मी. मी अश्विन, साताऱ्याचा. सहा महिने झाले इंदूरला येऊन, मराठीत भांडायला कुणी मिळालं नव्हतं."

मी हसले. चांगली पोटभर हसले.

अर्ध्या तासानं तोच माणूस आमच्या प्रयोगशाळेत, माझ्यासमोर उभा!

उषा मॅडमचा अभ्यास ताणावरचा. प्रयोगासाठी स्वेच्छेनं आलेल्या माणसाला नोकरीच्या मुलाखतीसारखं पाच मिनिटं बोलायला लावायचं आणि समोर मॅडम आणि मी, आम्ही दोघींनी दगड होऊन बसायचं. हसायचं नाही, मान हलवायची नाही. तो अडला की मी एकच वाक्य म्हणायचं, "अजून वेळ आहे. बोलत राहा." मग त्याच्या लाळेची नळी भरून घ्यायची. ताण आला की पुरुषांच्या लाळेत कॉर्टिसोल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, बहुधा जास्त चढतं. बायकांचं तितकं चढत नाही, पण त्रास मात्र जास्त झाला, असं त्या सांगतात. असं का, ते मॅडमना शोधायचं होतं. आमचे दगडी चेहरे ठरवून केलेले असतात, हे दुसऱ्या फेरीनंतरच सांगायचं. तोवर त्या माणसाशी बाहेर बोलणंही बंद.

ओळखीचं कुणी आलं तर आपण उठून जायचं, हाही नियम होता. मी उठले नाही. पोह्यांवरची ओळख ती काय ओळख, अशी मनाची समजूत घातली. खरं तर मला त्याला अजून बघायचं होतं.

मला पाहून तो खुलला... आणि माझा चेहरा पाहून विझला. बोलताना तीनदा अडखळला. तीनदा मी ते वाक्य म्हटलं.

त्या दिवशी गंमत म्हणून मी माझीही नळी भरली. आकडा अगदी साधा आला. "क्षितिजा, तू तर बर्फ आहेस," मॅडम म्हणाल्या. आत काय चाललं होतं, ते माझं मला ठाऊक.

पुढचे पंधरा दिवस तो ठेल्यावर दिसला की मी पाठ फिरवायची. एकदा ठेलेवाल्या बाबूरावांनी माझ्या प्लेटमध्ये लिंबाची जास्तीची फोड ठेवली. "उन भिया ने बोला," म्हणाले. मी ती फोड तशीच राहू दिली आणि दिवसभर स्वतःवर चिडले.

दुसऱ्या फेरीला तो बॅग घेऊनच आला.

"नोकरी तर मला खरीच मिळालीय," तो म्हणाला. "कोइंबतूरला, दोन वर्षं. दुपारची गाडी आहे. मला दुसरंच काही मागायचंय... या मॅडम एकदा हसल्या होत्या. तेव्हापासून मला दुसरं काही सुचत नाही. तुम्ही आवडता मला. हसू नका हवं तर... नुसतं 'नाही' म्हणा. म्हणजे मला नीट जाता येईल."

तो थांबला. घड्याळात दोन मिनिटं उरली होती. माझं काळीज फाटत होतं आणि तोंड पाठ केलेलं बोललं, "अजून वेळ आहे. बोलत राहा."

 तो बॅग उचलून, नळी न भरताच निघून गेला. शेवटी सगळं सांगतात, तेवढंही तो थांबला नाही.

मी मॅडमना पोह्यांपासून सगळं सांगितलं.

"मतलब दोन्ही फेऱ्या बाद," मॅडमनी त्याच्या नावावर रेघ मारली. "उद्यापासून समोर आपल्या लॅबमधली अनुश्री बसेल, तू नाही." मी मान खाली घातली. "आणि खरं काय ते त्याला सांगणं आपल्याला भाग आहे. नंबर फॉर्मवर आहे. लाव फोन."

संध्याकाळी फोन लागला, तोवर त्याची गाडी उज्जैनच्या पुढे गेली होती.

"तो चेहरा कामाचा होता, अश्विन. पाठ फिरवणंसुद्धा. नियमच था यार..."

"आणि बिनकामाचा चेहरा? तो काय म्हणतो?"

सांगायला तोंड उघडलं, तर इतके दिवस दाबून ठेवलेलं रडू आलं. गाडीचा खडखडाट तेवढा ऐकू येत होता.

मग तो हळूच म्हणाला, "अजून वेळ आहे, मॅडम. बोलत राहा."