न जुळलेलं माप

तिला म्हातारे सुतारकाका हवे होते. दार ढकलून ती आत गेली, तर रंधा मारत उभा होता कुणी तरुण माणूस... केसांत भुसा, कानावर पेन्सिल. बाहेर सकाळपासून झिमझिम लागली होती आणि त्या वर्कशॉपमध्ये भरदुपारी दिवा लावावा लागला होता.

"काका नाहीत?"

"गेल्या वर्षी वारले. मी त्यांचा मुलगा." त्याने रंधा बाजूला ठेवला. "काय करून हवंय? कपाट, खुर्ची...?"

"शवपेटी."

त्याचा आवाज आपोआप खाली आला. "कुणासाठी?"

"माझ्यासाठी."

असं ऐकल्यावर माणसं एकतर चुळबुळतात, नाहीतर देवाचं नाव घेत हात धरायला येतात. दोन्ही प्रकारांना ती विटली होती. सुताराने यातलं काहीच केलं नाही. त्याने तिच्याकडे पाहिलं, डोक्यापासून पायापर्यंत, एका नजरेत... आणि मग त्याचे कान लालबुंद झाले.

"घेतलंत ना माप?" ती म्हणाली.

"सवय आहे हो. माफ करा."

"माफी कसली? त्यासाठीच तर आलेय."

कितीतरी दिवसांनी कुणीतरी तिच्यासमोर लाजलं होतं. तिला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचा रागही आला.

ती चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. मध्यंतरी रक्ताचा कॅन्सर निघाला. उपचार झाले, केस गेले, परत आले. तेव्हा एका रविवारी भर चर्चमध्ये उभं राहून तिने साक्ष दिली होती, प्रभूने मला बरं केलं म्हणून. पप्पा पहिल्या बाकावर बसून रडले होते. आता आजार परतून आला होता. डॉक्टरीणबाई म्हणत होत्या, आणखी एक उपचार आहे, पहिल्यापेक्षा कठीण. बंद खोलीत एकटीने राहावं लागेल. महिनाअखेरपर्यंत काय ते सांग, खोली तोवरच राखून ठेवता येईल. ती मनातल्या मनात नाही म्हणून मोकळी झाली होती. पुन्हा आशा धरायची आणि पुन्हा तोंडघशी पडायचं, एवढं बळ तिच्यात उरलं नव्हतं. चर्चमध्येही ती जात नव्हती. कोणत्या तोंडाने जाणार?

काळजी होती ती पप्पांची. आई गेली तेव्हा पप्पा याच वर्कशॉपमध्ये उभे राहिले होते. काकांनी विचारलं, उंची किती होती वहिनींची? आणि उभा जन्म जिच्यासोबत काढला तिची उंची त्या माणसाला सांगता येईना. हात कधी खांद्याशी धरायचे, कधी कानाशी, मग खाली घ्यायचे. शेवटी तिनेच पुढे होऊन आकडा सांगितला. ते हात तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हते. पुन्हा त्यांच्यावर ती वेळ येऊ नये, म्हणून ती स्वतःच आली होती.

"टेप लावून घ्या ना नीट," ती म्हणाली.

"जिवंत माणसाला टेप लावायचा नाही, हा बाबांचा नियम. आम्ही नजरेनेच माप घेतो. चुकत नाही." त्याने पेन्सिलीने एका फळीवर आकडा टिपला. "पुढच्या आठवड्यात या. लाकूड दाखवतो."

पुढच्या आठवड्यात त्याने पुन्हा तिच्याकडे पाहिलं, आकडा लिहिला आणि डोकं खाजवत उभा राहिला.

"काय झालं?"

"जुळत नाहीये. आज दोन इंच जास्त येताय."

"या आजारात उंची वाढते असं डॉक्टरीणबाई काही बोलल्या नव्हत्या."

तो हसला नाही. खरोखर चिंतेत पडला होता. तिसऱ्या खेपेला आकडा तिसराच आला. तोवर तिच्यासाठी खिडकीजवळ एक स्टूल ठरून गेलं होतं, आणि चहाचा एक कपही. ती स्वतःला बजावायची की आपण माप द्यायला जातोय. मग निघण्याआधी आरशासमोर स्कार्फ दोनदा का बांधायची, हे मात्र ती स्वतःला विचारत नसे.

त्या दिवशी एक पेटी तयार होऊन पडली होती. कुणा आजोबांची. झाकणाला खिळे नव्हते, स्क्रू होते, आणि सुतार शेवटचा स्क्रू आवळून पुन्हा अर्धा वेढा सैल करत होता.

"ढिला का ठेवताय?"

"बाबा ठेवायचे." तो जरा अवघडला. "ते म्हणायचे, प्रभू येणार, हाक मारणार, माणसं उठणार. मग त्यांना आतून धडपड कशाला करायला लावायची? सुताराने आपल्याकडून सोय करून ठेवावी."

ती हसली. हसता हसता खोकला आला, खोकता खोकता डोळ्यांत पाणी. त्याने पाण्याचा ग्लास पुढे केला आणि हात तिथेच राहू दिला.

"तुम्हाला हे खरं वाटतं?" तिने विचारलं.

"रोज नाही. पण सैल मात्र रोज ठेवतो." मग तो म्हणाला, "तुमची साक्ष ऐकली होती मी. मागच्या बाकावर होतो."

तिने मान खाली घातली. "खोटी ठरली ना."

"मला नाही तसं वाटत. बाबांचं शेवटचं आजारपण चालू होतं तेव्हा. त्या साक्षीवर मी कितीतरी रात्री काढल्या. बाबा गेलेच... पण त्या रात्री तर निघाल्या." तो फळीवरचा भुसा उगाच झटकत राहिला. "मेलेल्या माणसांसाठी एवढी आशा ठेवून झाकणं लावतो मी. जिवंत माणसाने का ठेवू नये, मला कळत नाही."

"सोपं असतं हो बोलायला," ती फटकन म्हणाली आणि छत्री उघडून निघाली. रस्ताभर ती त्याच्याशी भांडत होती, तोंडातून एकही शब्द न काढता. घरी पोचली तेव्हा लक्षात आलं, भांडण त्याच्याशी नव्हतंच. इतके दिवस तिने ज्याच्याशी अबोला धरला होता, त्या देवाशी होतं. भांडत का होईना, ती त्याच्याशी बोलत होती.

महिना संपायला आला तसा सुतारच चष्म्याच्या दुकानात हजर झाला.

"डोळे तपासा माझे," तो म्हणाला. "चौथ्यांदाही नाही जुळलं. तुम्हाला परवा रस्त्याने जाताना पाहिलं, तर पार भलताच आकडा. दुसऱ्या कुणाचं चुकत नाही. पण नजर गेली असेल तर... माझं पोट त्यावर आहे."

आतल्या अंधाऱ्या खोलीत तिने त्याला बसवलं. भिंगं बदलत गेली. "हे स्पष्ट, की हे?"

"दोन्ही."

"अक्षरं वाचा. माझ्याकडे नका बघू."

"अक्षरांच्या आड तुम्ही उभ्या आहात."

ती बाजूला झाली. त्याने शेवटची, मुंगीएवढी ओळसुद्धा धडाधडा वाचून दाखवली. तिने पुन्हा तपासलं.

"डोळ्यांत काही दोष नाही तुमच्या," ती म्हणाली. "लख्ख आहेत."

"मग?"

"मग मला काय माहीत?"

भिंगांची चौकट त्याने डोळ्यांवरून काढून तिच्या हातात दिली. मग अगदी हळू आवाजात म्हणाला, "तुमच्या पप्पांना आईंची उंची सांगता आली नव्हती... मी तेव्हा तिथेच होतो, कोपऱ्यात फळ्या रचत. मला वाटलं होतं, दुःखाने डोकं चालत नसेल बिचाऱ्यांचं. आता कळतंय, ते का सांगू शकले नाहीत. ज्या माणसाला जाऊच द्यायचं नसतं... त्याचं माप येत नाही हो. मला नाही येणार तुमचं. दुसरा सुतार बघा."

ती हातातलं भिंग पुसत उभी राहिली. स्वच्छच होतं ते. पण खाली ठेवलं असतं, तर त्याच्याकडे बघावं लागलं असतं. आणि बघितल्यावर मरून जायची तयारी पुरी झाल्याचं सोंग टिकलं नसतं. तिला जगायचं होतं. किती दिवसांपासून कुणास ठाऊक, पण फार जगायचं होतं.

संध्याकाळी ती चर्चमध्ये गेली. आत फक्त पप्पा होते, नेहमीच्या बाकाशी गुडघे टेकून. ती त्यांच्या शेजारी गुडघ्यांवर बसली. पूर्वी तिला सुंदर प्रार्थना सुचायच्या. आज एवढंच आलं, "प्रभू, मला भीती वाटते. बरं कर नाहीतर नको करूस... पण त्या खोलीत माझ्याबरोबर राहा." कुठून काही उत्तर आलं नाही. छपरावर पाऊस वाजत राहिला. पण महिनोन्महिने गळ्याशी अडकलेलं काहीतरी सैल झालं, अर्धा वेढा का होईना. पप्पांनी तिचा हात आपल्या हातात घेतला.

"पप्पा," ती म्हणाली, "डॉक्टरीणबाईंना हो कळवू या."

त्या बंद खोलीत जायच्या दिवशीही आभाळ भरलेलंच होतं. केस तिने आदल्या दिवशीच काढून टाकले होते. पप्पा कागदांवर सह्या करायला गेले आणि काचेच्या दाराशी ती आणि सुतार असे दोघेच उरले. बरं होण्याची खात्री कुणीच दिली नव्हती. डॉक्टरीणबाई आज नेहमीपेक्षा गोड बोलत होत्या, आणि त्याचीच तिला धास्ती वाटत होती.

"माझ्या पेटीच्या फळ्यांचं काय केलंस?" तिने विचारलं. तुम्हीचं तू कधी झालं, हे दोघांनाही कळलं नाही.

"आहेत. भिंतीला टेकवून. हात नाही लावला."

"त्यांचं टेबल कर. जेवणाचं. पप्पा बसतील, तू बसशील..."

"आणि?"

"आणि मी."

कानावरची पेन्सिल काढून तो उगाच बोटांत फिरवत राहिला. "माप सांग," तो म्हणाला.

नर्सने दार उघडून धरलं. ती आत गेली, मग वळली. उघड्या दारापलीकडून तो तिला बघत होता, डोक्यापासून पायापर्यंत, आणि या वेळी त्याचे कान लाल झाले नाहीत.

"आत्ता नाही," ती म्हणाली. "माप मी बाहेर आल्यावर सांगेन. तोवर कापू नकोस."

दार लागलं. सुताराने पेन्सिल परत कानावर ठेवली आणि पप्पांच्या शेजारी बाकावर जाऊन बसला.