पाठमोरा

चहाचा कप आणि टर्पेंटाइनची बाटली घेऊन चित्रकर्ती सकाळी धक्क्यावरच्या शेडमध्ये शिरली. काम अगदी किरकोळ होतं. कालच्या चित्रातला माणूस पुसायचा होता.

प्रदर्शनासाठी ती क्षितिजापलीकडचे किनारे रंगवत होती. होकायंत्र धरायचं, एक दिशा निवडायची आणि त्या रेषेत समुद्र जिथे संपत असेल तिथली जमीन मनाने उभी करायची. "समोरचं नीट काढता येत नाही, म्हणून न दिसणारं काढतेस होय?" असं सासूबाई चिडवायच्या. पण ते तिच्या नवऱ्याची होडी बेपत्ता व्हायच्या आधी. आता घरात थट्टा उरली नव्हती. शोधायला गेलेल्या बोटी हात हलवत परत आल्या होत्या, आणि दोघी एकमेकींसमोर रडायचं टाळत होत्या.

तिची एक सवय होती. कडे किती उंच, लाटा किती मोठ्या याचा अंदाज यावा म्हणून ती आधी पाण्याच्या काठाशी पेराएवढा एक माणूस काढायची आणि चित्र झालं की कापडाच्या बोळ्याने पुसून टाकायची. कालचा मात्र तिला पुसवला नव्हता. त्याचा डावा खांदा जरा उतरलेला होता, नवऱ्याचा उतरायचा तसा.

बोळा भिजवून ती पुढे झाली आणि थबकली. माणूस गुडघाभर पाण्यात उतरला होता.

तिने सासूबाईंना बोलावून आणलं. त्यांनी चष्मा पुसला आणि नाक कॅनव्हासला लागेस्तोवर त्या वाकल्या.

"तोच आहे," त्या हळूच म्हणाल्या. "पुसू नकोस गं... पुसू नकोस."

दुसऱ्या दिवशी पाणी त्याच्या छातीशी आलं. रंग तर खडखडीत वाळलेला. शेडमध्ये ओल्या दोरखंडाचा वास भरून राहिला होता, आणि कॅनव्हासच्या मागे काहीतरी चुबुकचुबुक वाजत होतं. तिने घाईघाईने त्याच्या पायांखाली वाळू रंगवली. सकाळी वाळू वाहून गेलेली, पाणी हनुवटीला टेकलेलं.

"बुडतोय तो! होडी काढ... आधी होडी काढ!" सासूबाई ओरडल्या.

तिने भराभर कुंचला चालवला. होडी झाली. दोन वल्ही, बसायला तीन फळ्या.

पुढच्या सकाळी तो मधल्या फळीवर बसून वल्हवत होता, त्यांच्याकडे पाठ करून. "आई, हा पाठमोरा का?"

"वेडी आहेस. वल्हवणारा जिकडे जातो, तिकडे त्याची पाठ असते. याचा बापही असाच यायचा." सासूबाई किती दिवसांनी हसल्या. "पाठ दिसतेय ना? म्हणजे येतोय."

पाठ मोठी होत गेली. तळहाताएवढी झाली आणि तिथेच अडली. मग दिवस गेले, होडी तसूभर हलेना. चित्रकर्तीने अनुकूल वारा रंगवला, लाटा लहान केल्या, शेवटी हात जोडले. काही उपयोग झाला नाही. सासूबाईंनी अन्न सोडलं. खुर्ची टाकून त्या चित्रासमोर बसून राहायच्या.

एका संध्याकाळी त्या म्हणाल्या, "होडीचं तोंड फिरव."

"पण आई, मग तो परत..."

"इकडे त्याला येता येत नाहीये. दिसतंय ना तुला? मला एकदा त्याचा चेहरा बघू दे. आई आहे मी त्याची."

तिने खूप समजावलं. शेवटी म्हातारीने तिचे पाय धरले, तेव्हा तिने रडत रडत कुंचला उचलला. चेहऱ्याच्या जागी तिच्याकडून नुसता एक ठिपका लावला गेला.

"तू हो पुढे," सासूबाई म्हणाल्या. "मी बसते जरा..."

सकाळी खुर्ची रिकामी होती. चित्रासमोर सपाता व्यवस्थित जोडून ठेवलेल्या. होडी दूर गेली होती, इतकी की चेहरा ओळखू येत नव्हता. त्याच्या समोरच्या फळीवर कुणीतरी बसलं होतं. पांढरा अंबाडा दिसत होता.

ती हाका मारत धक्काभर धावली. माणसांनी किनारा पालथा घातला. सासूबाई कुठेच सापडल्या नाहीत.

रात्र तिने कशी काढली तिचं तिला ठाऊक. उजाडताच ती शेडमध्ये आली, सगळं पुसून टाकायचं असं ठरवूनच. बाटली जागेवर होती. बोळा मात्र मिळेना. तिने टेबलाखाली पाहिलं, खुर्चीवर पाहिलं आणि मग चित्राकडे.

होडी पुन्हा मोठी झाली होती. वल्ही तिने दोनच काढली होती. आता चार होती. दोघं जोर लावून वल्हवत होती, आणि दोघंही पाठमोरी.

तिसरी फळी रिकामी होती. कुणीतरी ती कोरडी पुसून घेतली होती आणि तिथे चित्रकर्तीचा बोळा नीट घडी घालून ठेवला होता.