राखीव अकरा

मापनकक्षात इर्शाद मुजावर ट्रेडमिलवर पळत होता आणि समोरच्या पडद्यावर त्याचा नुसता डावा पाय पळत होता. पांढरी हाडं, निळे स्नायू, आणि घोट्यापासून गुडघ्यापर्यंत लुकलुकणाऱ्या चेतांच्या पिवळ्या रेषा. केरबा चौगुलेला हा पडदा पाच वर्षांत एकदाही आवडला नव्हता. पोराचा पाय बघायचा तर चेंडू घेऊन येताना बघावा, असा सोलून काय बघायचा, असं त्याचं मत होतं, आणि कोणी विचारलं नाही तरी ते तो सांगत असे.

सह्यकडा फुटबॉल क्लबची अकादमी कोल्हापूरच्या बाहेर, पन्हाळा रस्त्याला होती, आणि केरबा तिथल्या राखीव संघाचा प्रशिक्षक होता. नाव आजोबांचं, राग आज्जीचा, असं त्याची बायको म्हणायची. एके काळी तो पेठेच्या संघाकडून बचाव फळीत खेळला होता. त्याच्या अंगावर येण्याने आडवे झालेले दोघे-तिघे अजून गावात लंगडत होते आणि भेटले की चहा पाजत होते.

डॉ. नूपुर देवस्थळींनी यंत्र थांबवलं आणि इर्शादच्या पोटरीवरची चेतापट्टी सोडवली. ही पट्टी म्हणजे त्यांचं अकरा वर्षांचं काम. मोज्यासारखी चढवायची, आत केसाहून बारीक तारा. कसलेल्या खेळाडूचा पाय चेंडू कसा झेलतो, कसा वळवतो, ती चेतांची लकब पट्टीत साठवलेली असे, आणि सरावाच्या वेळी हलक्या झिणझिण्यांनी ती नव्या पायाला शिकवत असे. निदान तशी अपेक्षा होती.

"काय वाटतंय बाई? जमंल न्हवं?" इर्शादने विचारलं.

"रविवारचा सामना झाल्याशिवाय मी काही बोलू शकत नाही."

"बरं. येतो वस्ताद."

केरबाला एकदम जोराचा खोकला आला. इर्शादने जीभ चावली आणि "येतो सर" म्हणून तो बाहेर पडला. देवस्थळींनी मान वर करून केरबाकडे पाहिलं.

इर्शाद जूनमध्ये वीस वर्षांचा होणार होता. वीस पूर्ण झाली की अकादमीचा करार संपायचा. मग एक तर मोठ्या संघात, नाही तर घरी. राखीव संघातल्या अकराही जणांची गत तीच होती, पण केरबाचा जीव अडकला होता तो या एका डाव्या पायात. असा पाय त्याने खेळताना पाहिला नव्हता आणि शिकवतानाही पाहिला नव्हता. हा पोरगा घरी गेला तर आपण पाच वर्षं काय केलं, या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर नव्हतं.

पाच वर्षांपूर्वी जिल्ह्याभरातून पंधरा वर्षांची बावीस पोरं निवडली, तेव्हा क्लबने दोन याद्या लावल्या होत्या. एकीवर लिहिलं होतं 'प्रगत', दुसरीवर 'राखीव'. का, ते कोणी सांगितलं नाही. केरबाने स्वतःच समजून घेतलं की चांगली तिकडे गेली आणि उरलीसुरली आपल्या पदरात पडली. पट्ट्या दोन्हीकडे त्याच, जेवण तेच, रोजचा दोन तासांचा सरावही तोच, प्रयोगशाळेतून लिहून आलेला. फक्त प्रगत संघाला समोरचं हिरवंगार मैदान होतं आणि राखीव संघाला मागचं, जिथे गोलरक्षकाच्या पायाशी पावसाळ्यात तळं साचायचं. पहिल्याच दिवशी यादीसमोर उभं राहून दोन पोरं रडली होती. केरबाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या त्या तेव्हापासून.

पट्ट्या पहाटे चार ते सहा चार्जिंगला लावायच्या असत. तेवढे दोन तास पोरांचे पाय मोकळे, आणि ते कुठे जातात हे कोणत्याही यंत्राला कळत नसे. त्या दोन तासांत अकरा पोरं मागच्या फाटकाने पळत पेठेतल्या तालमीत जायची. पैलवान हल्ली पहाटे फिरकत नसत, त्यांना वातानुकूलित जिमची सवय लागली होती. कुस्तीचा हौद मोकळाच असायचा. तेल, हळद, ताक घालून मळलेली तांबडी माती. केरबा तिथेच वाढला होता, आणि पैलवान जत्रेला गेले की तो आणि त्याचे सवंगडी त्या मातीत चेंडू खेळायचे. भुसभुशीत मातीत चेंडू घरंगळत नाही आणि उसळतही नाही. अनवाणी पाय त्याच्याखाली घालावा लागतो, बाळाला पाळण्यातून उचलावं तसा तो उचलावा लागतो. वर्षभर हे केलं की तळवा शहाणा होतो. मग गवतावर चेंडू आपणहून पायाशी येऊन बसतो.

खेळून झालं की प्रत्येकाने फावड्याने माती उकरून पुन्हा सारखी करायची, हा तालमीचा नियम होता. आणि तिथे केरबाला 'सर' म्हणायचं नाही, 'वस्ताद' म्हणायचं, हा दुसरा.

महिन्याच्या शेवटी केरबा एका कागदावर सही करायचा. 'योजनेबाहेरचा कोणताही सराव झालेला नाही.' कोणाचा पाय मुरगळला तर क्लबच्या गळ्यात येऊ नये म्हणून हा कागद असणार, असं त्याने धरलं होतं. पाच वर्षांत साठ सह्या त्याने डोळ्याची पापणी न लववता केल्या होत्या.

रविवारी दोन्ही संघ समोरच्या मैदानावर उतरले. प्रेक्षक नव्हतेच, चारी बाजूंनी फक्त मोजणारे कॅमेरे. केरबाने पोरांना एवढंच सांगितलं, "त्यांच्यापेक्षा तसूभर कमी न्हाईसा, एवढं दावा. बाकी मी बघतो." आणि पोरांनी दाखवलं. पहिला गोल प्रगत संघाचा, दुसरा इर्शादचा. मग पुन्हा त्यांचा, आणि संपायला चार मिनिटं असताना इर्शादने उंचावरून येणारा चेंडू डाव्या पायावर असा अलगद घेतला की समोरचे दोघे बचावपटू तो खाली पडायची वाट बघत राहिले. दोन-दोन. केरबाने डोळे पुसले आणि वारा फार सुटलाय असं शेजारच्या कॅमेऱ्याला सांगितलं. वारा अजिबात नव्हता.

सोमवारी सकाळी तो पेढ्यांचा पुडा घेऊन प्रयोगशाळेत गेला. देवस्थळी खुर्चीत बसल्या होत्या. त्यांचा चेहरा उतरलेला होता.

"बसा चौगुले सर. काल चाचणी संपली, आता तुम्हाला सांगायला हरकत नाही."

"कसली चाचणी?"

"तुमची अकरा मुलं आणि प्रगत संघातली अकरा, पंधराव्या वर्षी मोजली तेव्हा अगदी सारखी होती. आम्ही त्यांच्या अकरा जोड्या लावल्या आणि प्रत्येक जोडीत चिठ्ठी टाकली. एक तिकडे, एक तुमच्याकडे."

"म्हंजे माझी पोरं उरलीसुरली न्हवती?"

"नव्हती. प्रगत गटाला जिवंत पट्ट्या दिल्या. तुमच्या गटाला निर्जीव. झिणझिण्या येतात, पण त्या काही शिकवत नाहीत. याला तुलना-गट म्हणतात. नवं औषध तपासताना निम्म्या रोग्यांना नुसती साखरेची गोळी देतात ना, तसंच. नाही तर पाय सुधारला तो पट्टीने की वाढत्या वयाने, हे कसं कळणार?"

"आणि हे मला सांगितलं का न्हाई?"

"मुलांना कळलं असतं तर ती नाउमेद झाली असती. तुम्हाला कळलं असतं तर तुम्ही उणं भरून काढायला गेला असता. म्हणून दोघांना अंधारात ठेवायचं, अशीच पद्धत आहे. पालकांच्या संमतिपत्रात होतं सगळं, चौथ्या पानावर."

चौथं पान वाचणारा पालक केरबाने अजून पाहिला नव्हता. पण तो सावरला. "मग वाईट काय झालं बाई? निर्जीव पट्ट्या घालून माझी पोरं बरोबरीला आली. आता घ्या की वर."

"बरोबरीला आली, तेच तर झालं," देवस्थळी म्हणाल्या. "जिवंत पट्टी आणि निर्जीव पट्टी, फरक शून्य. याचा अर्थ एकच निघतो. पट्टी काही शिकवत नाही. आज सकाळी व्यवस्थापनाचा निर्णय आला. एवढं करून पाय सारखेच होणार असतील तर अकादमी कशाला? ती बंद होतेय. मोठ्या संघात पाच जागा आहेत, त्या प्रगत संघातल्या पाच जणांना. ते वर्षभर मोठ्या संघाच्या नजरेसमोर खेळलेत. सारखेच असतील तर बदलायचे कशाला, असं त्यांचं म्हणणं."

"आणि माझी पोरं कमी पडली असती तर?"

"तर पट्टी उपयोगी ठरली असती. नीतिसमितीची अट होती, उपयोगी ठरली तर तुलना-गटाला जिवंत पट्ट्या द्यायच्या आणि दोन वर्षांचा वाढीव करार. जे त्यांना मिळालं नव्हतं ते भरून द्यायचं. अकराही जणांना."

"इर्शादला बी?"

"इर्शादला तर नक्कीच."

केरबाच्या मांडीवर पेढ्यांचा पुडा तसाच होता. "किती कमी पडायला लागलं असतं?"

"फार नाही. शंभर स्पर्शांत आठ जास्त चुकले असते तरी पुरे."

आठ. इर्शाद आठ चेंडू तर डोळे झाकून झेलत होता. केरबाला वाटलं, कोणी तरी आपल्याच हाताने आपल्या पोरांचे पाय कापायला लावले, आणि आपण पाच वर्षं पहाटे उठून ते काम मन लावून केलं.

"पुण्यातल्या एका रुग्णालयात अर्धांगवायूचे साठ रुग्ण या निकालाची वाट बघत होते," देवस्थळी स्वतःशीच बोलल्यासारखं बोलल्या. "क्लबने पैसा दिला म्हणून मी फुटबॉलवर तपासलं. पट्टी खरं तर त्यांच्यासाठी होती. आता ती कोणी हातात घेणार नाही."

केरबाला राहवेना. "बाई, एक सांगायचंय. पट्टीत खोट न्हाई. ती माती हाय न्हवं..."

"थांबा." त्यांनी हात वर केला. "तुमच्या मुलांच्या तळव्यांची कातडी प्रगत संघापेक्षा दीडपट जाड आहे. आज आकडे चाळताना दिसलं. पाच वर्षं ते आकडे समोर होते आणि मी फक्त पोटऱ्या बघत बसले. आणि इर्शाद तुम्हाला वस्ताद म्हणतो. मला अंदाज आलाय. पण तुमच्या तोंडून ऐकलं तर मला लिहावं लागेल."

"मग लिवा की. खरं हाय ते."

"लिहिलं तर तुमचे अकरा जण चाचणीतून बाद. ते तुलना-गटच राहत नाहीत, म्हणून समितीची अटही त्यांना लागू नाही. वर योजनेबाहेर सराव केला म्हणून फुटबॉल महासंघाकडे करारभंगाची नोंद. दोन वर्षं देशातला कोणताही क्लब त्यांना घेऊ शकणार नाही."

"आणि पट्टी?"

"पट्टीवरचा डाग पुसला जाईल. पण ती चालते हे सिद्ध होणार नाही. त्यासाठी पुन्हा बावीस मुलं, पुन्हा पाच वर्षं, आणि असा एखादा क्लब. तेवढी आशा तरी राहील."

"आणि न्हाई लिवलं तर?"

"तर मुलं स्वच्छ नावाने घरी जातील. पट्टी कपाटात जाईल."

त्यांनी टेबलावरून एक कागद पुढे सरकवला. या महिन्याचा तोच कागद, एकसष्टावा. "चूक आमचीही आहे," त्या म्हणाल्या. "गटांना नावंच द्यायला नको होती. क्लबला राखीव संघ हवाच होता, म्हणून त्यांनी एका यादीवर राखीव लिहिलं. कागदावरचा शब्द, त्याने काय होतंय, असं मला वाटलं. तुम्ही त्या शब्दाशी पाच वर्षं भांडत राहाल हे माझ्या हिशेबात नव्हतं."

मग त्या उठल्या आणि खिडकीशी जाऊन पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. केरबाने आयुष्यात बरीच भांडणं केली होती, पंचांशी, पंचायतीशी, सासऱ्याशीसुद्धा. पण इथे भांडायला समोर कोणी नव्हतंच. खरं बोललं तर पोरं बुडत होती, खोटं बोललं तर बाई आणि ते साठ जण बुडत होते, आणि दोन्हीकडे इर्शाद मोठ्या संघात जात नव्हता. त्याला लहान पोरासारखं रडावंसं वाटलं. ते जमेना, म्हणून त्याने सही केली. पहिल्यांदाच कागद पूर्ण वाचून केली.

देवस्थळींनी वळून सहीकडे पाहिलं आणि मान हलवली. "पेढे ठेवून जा," त्या म्हणाल्या. "मुलं चांगली खेळली."

बाहेर बाकावर इर्शाद बसला होता. पट्टी काढून त्याने मांडीवर घडी घालून ठेवली होती.

"काय म्हणाल्या वस्ताद? बरोबरी झाली न्हवं? मोजून?"

"झाली. तसूभर फरक न्हाई."

"मग वर घ्यायलेत काय?"

"न्हाई. अकादमी बंद करालेत. पाच जागा, त्या तिकडल्यांना."

इर्शादने पट्टीची घडी उलगडली, पुन्हा घातली. मग नाक ओढून म्हणाला, "असू दे. दुसरा क्लब बघू. पाय तर तयार झालाय, ते कोण काढून घेत न्हाई. ही परत द्यायला लागंल काय? पाच वर्षं घातली, हिच्याबिगर पाय उघडा वाटतोय."

"ठेव तुझ्याकडं."

"निम्मं हिनं शिकवलं वस्ताद, निम्मं तुम्ही."

केरबा त्याच्या शेजारी टेकला. त्याने त्या पट्टीकडे पाहिलं. बारीक तारा, मऊ कापड, आत काही नाही.

"सगळं मीच केलं, पोरा," तो म्हणाला.

इर्शाद हसला. वस्तादांना बढाया मारायची खोड होतीच.