निळा वर की खाली

"उलटं धरलंय तुम्ही."

फ्रेमच्या दुकानात एका अमूर्त चित्राची छापील प्रत मी हात लांब करून न्याहाळत होते. वळून पाहिले. कानावर पेन्सिल, बाहीवर लाकडाचा भुसा... दुकानदार.

"पुरावा?" प्रयोगशाळेत हाच प्रश्न विचारून मी पोट भरते.

"निळा रंग वर हवा. आकाश आहे ते."

"समुद्र असला तर?"

तो हसला. खळी फक्त डाव्या गालावर पडली; मी नोंद घेतली.

मग प्रयोग ठरला. चित्र माझ्या भिंतीवर एक आठवडा निळा वर, एक आठवडा निळा खाली. असे चार आठवडे. दर रविवारी तो येऊन फ्रेममागच्या टांगायच्या कड्या काढून दुसऱ्या टोकाला लावणार.

"ते मीही करीन की."

"छे! कसबाचं काम आहे," तो गंभीरपणे म्हणाला.

रविवारी तो फ्रेम घेऊन बाल्कनीत जाई, दार लोटून पाच मिनिटे ठोकाठोक करी, आणि मग कॉफीला तासभर थांबे. वहिनीने फोनवर विचारलेच, "तो चित्र टांगायला येतो, की स्वतःच लटकलाय?"

चौथा रविवार. प्रयोग संपला होता.

"मग... निष्कर्ष?"

"निळा खालीच बरा."

"हरलो म्हणायचं." त्याने हातोडी उचलली. "आता यायला काही कारण उरलं नाही."

दारापर्यंत त्याची सात पावले. पाचव्याला मी म्हणाले, "थांबा."

भिंतीवरची फ्रेम उतरवून मी पालथी केली. कड्या दोन्ही टोकांना होत्या.

"या पहिल्या दिवसापासून आहेत. मग बाल्कनीत तुम्ही ठोकत काय होता?"

त्याचे कान लाल झाले. "तिथलं तुमचं डुगडुगणारं स्टूल. आता त्यावर हत्ती बसला तरी मोडायचं नाही." मग थबकून, "तुम्हाला कधी कळलं?"

"पहिल्याच संध्याकाळी. कुठलीही वस्तू मी मागून तपासल्याशिवाय लावत नाही."

"आणि बोलला नाहीत?"

"निरीक्षण चालू असताना मध्ये हात घालायचा नसतो." मी श्वास घेतला. "तुम्ही मला आवडता. यात शंकेला जागा नाही... आणि शंका घेणं हा माझा व्यवसाय आहे."

खळी पडली. डावीच.

"पुरावा?" त्याने विचारले.

मी त्याच्या हातातली हातोडी काढून घेतली आणि रिकाम्या झालेल्या त्या हातात माझा हात ठेवला.