कॅमेऱ्याचा उशीर

नंदुरबारात राहणाऱ्या माणसाला मिरचीचा ठसका लागावा ही तशी लाजिरवाणीच गोष्ट. त्यातून तो लागावा परक्या मुलीसमोर, हातात कॅमेरा धरून उभं असताना... पण भूपेशचं आणि काजलचं सगळं सुरूच तिथून झालं, त्याला आता कोण काय करणार.

जानेवारीतली सकाळ होती. गावाबाहेर व्यापारी ओली लाल मिरची उन्हात पसरून ठेवतात, त्या पथारीवर काजल फुईबरोबर आली होती. वत्सलाफुई म्हणजे तिच्या वडिलांची थोरली बहीण. काजलचं घर कोरीटला, पण बी.एड.साठी ती नंदुरबारला फुईकडेच राहायची आणि पथारी फुईच्या घरचीच होती. देठ खुडत बसलेल्या बायकांशी बोलत फुई पुढे निघून गेली. काजल मात्र मागे रेंगाळली, कारण समोर एक सडपातळ मुलगा आधी शिंकत होता, मग खोकत होता आणि दोन्हींच्या मधल्या फटीत कॅमेरा स्थिर धरायची खटपट करत होता.

"तोंडाला रुमाल बांधा," ती म्हणाली. "नंदुरबारचेच ना तुम्ही?"

"शहाद्याकडचा," तो डोळे पुसत म्हणाला. "आमच्याकडे पपई असते. पपईचा ठसका लागत नाही."

काजलला हसू आवरेना. स्वतःचाच रुमाल तिने त्याच्यापुढे धरला, आणि तो परत मागायचं तिला पुढे कधी सुचलंच नाही.

त्याचं नाव भूपेश. कॉलेजसमोर त्याचं झेरॉक्सचं आणि पासपोर्ट फोटोचं छोटं दुकान होतं. फुईच्या यजमानांना कॅलेंडरसाठी मिरचीचा फोटो हवा होता, म्हणून तो आला होता. मोबाईलने उठसूट फोटो काढायची सवय तेव्हा कुणाला नव्हती. हातात कॅमेरा असला की माणसाला थोडी किंमत यायची, मग तो कॅमेरा कसलाही असो. भूपेशचा तर अगदीच पहिल्या पायरीवरचा होता. चंदेरी, खिशात मावणारा, पेन्सिल सेलवर चालणारा. त्याच्या मागच्या एवढ्याशा पडद्यावर भूपेशने तिला फोटो दाखवला. सगळं लालच लाल, एक मिरची दुसरीपासून वेगळी दिसेना.

"हे तर कुंकू सांडल्यासारखं दिसतंय," काजल म्हणाली.

"म्हणूनच... तुम्ही जरा तिथं उभ्या राहाल का? म्हणजे बघणाऱ्याला कळेल तरी, कुठं काय आहे ते."

ती उभी राहिली. ओढणी सारखी केली आणि कॅमेऱ्याकडे बघून शहाण्यासारखी हसली. आता त्या कॅमेऱ्याची एक खोड होती. बटण दाबलं की तो आधी 'पीं' करायचा, मग थोडा विचार करायचा आणि मग कुठे 'खट्' करून फोटो काढायचा. काजलला हे काय ठाऊक? 'पीं' ऐकून तिला वाटलं, झालं काम. तिची नजर कॅमेऱ्यावरून वर गेली. दोन्ही हात पुढे करून कॅमेरा धरलेल्या, नाकाला तिचाच रुमाल बांधलेल्या त्या मुलाकडे तिने बघितलं... आणि तेवढ्यात 'खट्'.

फोटोत ती कॅमेऱ्याच्या जरा वर कुठेतरी बघत होती. ओठांवर ते शहाणं हसू नव्हतं, दुसरंच काहीतरी होतं. भूपेश ओशाळला. कॅमेरा जरा उशीर करतो, परत काढू या का, असं त्याने विचारलं. काजल म्हणाली, राहू द्या.

त्या वर्षी काजलला पासपोर्ट फोटो फार लागले. कधी परीक्षेसाठी, कधी ग्रंथालयासाठी, कधी असेच जवळ असावेत म्हणून. कॉलेजातल्या सगळ्या मुली त्याला भूपेशभाऊ म्हणत. आमच्याकडे तर रस्त्यातल्या अनोळखी माणसालाही भाऊ लागतोच. काजलने मात्र तो शब्द कधी तोंडातून निघू दिला नाही. अहो, ऐका, जरा बघता का, असं काहीही म्हणून ती वेळ मारून नेई. मैत्रिणींच्या ते लक्षात आलं, पण ज्याच्या लक्षात यायचं त्याच्या नाही.

एव्हाना तिला कॅमेऱ्याची खोड पाठ झाली होती. 'पीं' आणि 'खट्' यांच्या मधली ती इवलीशी जागा तिची होती. एरवी भर रस्त्यात, दुकानात चार माणसांपुढे एखाद्या मुलाकडे कसं बघायचं? पण फोटो काढून घेताना कोण काय म्हणणार... 'पीं' वाजलं की ती डोळे वर उचलायची आणि मन भरून बघून घ्यायची. भूपेश मात्र दर वेळी मान हलवून कॅमेऱ्याला दोष द्यायचा. तिला त्याचा रागही यायचा आणि मायाही वाटायची.

श्रावणात फुईकडे कानबाई, आमच्याकडची घरोघरची देवी, बसली. रात्रभर गाणी झाली आणि सोमवारी सकाळी भुरभुर पावसात बायका कानबाई डोक्यावर घेऊन नाचत निघाल्या. कॅमेरा प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून भूपेश पुढे पळत होता, चिखलात घसरत होता, पुन्हा उठत होता. काजलच्या डोक्यावर कानबाई आली तेव्हा त्याने फोटो काढला. मग सगळे रोटाचा प्रसाद जेवायला बसल्यावर तो फोटो बघत तिच्याजवळ आला. इतके महिने दोघं एकमेकांशी पुस्तकातली मराठी बोलायचे, अहो-जाहो करून. त्या दिवशी काय झालं कुणास ठाऊक, तो एकदम घरच्या बोलीत बोलून गेला.

"तू कॅमेराकडे काबर देखस नही?"

काजलच्या हातातला घास हातातच राहिला. मग तीही तशीच म्हणाली, "मी देखस. तुन्हा कॅमेराच उशिरा देखस."

आता तरी कळावं की नाही? पण हा पठ्ठ्या गंभीर होऊन म्हणाला की खरंय, आता मोठा कॅमेरा घ्यायलाच पाहिजे. काजलने कपाळाला हात लावायचा तेवढा बाकी ठेवला.

दिवाळी झाली आणि फुईच्या डोक्यात काजलच्या सोयरिकीने घर केलं. सुरतेला एक मुलगा होता, इंजिनियर, माणसं चांगली. त्यांनी फोटो मागवला होता. फुईने बोलावलं कुणाला, तर भूपेशला. गच्चीवर त्याने चार फोटो काढले. शेवटचा झाल्याबरोबर चहालाही न थांबता तो जिना उतरून गेला. झेरॉक्सच्या दुकानदाराने सुरतेच्या इंजिनियरपुढे काय बोलायचं, असं त्याला वाटत असणार.

दुसऱ्या दिवशी तो फोटो छापून घेऊन आला, तेव्हा फुईने चारही उन्हात धरून बघितले.

"हाई पोर देखी कोठे ऱ्हायनी?" ती म्हणाली. "एक बी फोटोमा सरळ देखत नही. भो, तू कॅमेरा बदली टाक आते."

भूपेशला ते लागलं. लग्नसराईत साठवलेले पैसे घेऊन तो सुरतेला गेला आणि नवा कॅमेरा घेऊनच परत आला. अगदी मोठ्या स्टुडिओवाल्यांसारखा नव्हे, मधल्या दर्जाचा, पण जुन्यापुढे राजाच. काळा, जड, गळ्यात पट्ट्याने अडकवायचा आणि पुढे वाटीएवढी काच. दुकानात काजल झेरॉक्सला आली तेव्हा त्याने तो तिला किती कौतुकाने दाखवला. आता मिरची एकेक वेगळी दिसते, अंधारातही फोटो येतो आणि मुख्य म्हणजे बटण दाबलं की त्याच क्षणाला फोटो... अजिबात उशीर नाही.

"पीं करत नाही?" काजलने विचारलं.

"नाही ना."

काजल बरं म्हणाली आणि झेरॉक्स न घेताच निघून गेली. घरी येऊन ती रडली, खरंच रडली. एका कॅमेऱ्यासाठी कुणी रडतं का, पण तिची हक्काची जागाच त्या पोराने स्वतःच्या हाताने बुजवून टाकली होती. आता फोटो सरळ येणार, सुरतेला जाणार आणि पाठोपाठ तीही जाणार.

फोटो पथारीवर काढायचा, असं काजलनेच फुईला सांगितलं. ऊन चांगलं असतं, एवढंच कारण तिने दिलं. पुन्हा जानेवारी होता, पुन्हा तोच लाल पसारा. फुई लांब मिरचीचं माप करून घेत होती. भूपेशने या वेळी रुमाल आधीच बांधला होता. तो कुणाचा, हे काजलने लगेच ओळखलं आणि तिला वर्षभर आधीची सकाळ आठवली. किती लवकर जुनी झाली ती सकाळ...

त्याने कॅमेरा डोळ्याला लावला. नाक रुमालात, डोळे कॅमेऱ्यामागे. काजलला त्याचा चेहराच दिसेना. बघायचं कुठे? ती कधी त्याच्या कानाकडे बघे, कधी पायांकडे.

"समोर देख ना. काचमा," तो म्हणाला.

"काचमा काय शे?"

"मी शे ना." आणि मग त्याने मास्तरासारखं समजावून सांगितलं. जुन्या कॅमेऱ्यात मी मागच्या पडद्यावर बघायचो, यात तसं नाही. यात आत आरसा आहे, पुढच्या काचेतून जे येतं ते थेट माझ्या डोळ्यात. "तू काचमा देखशी म्हंजे मन्हाकडेच देखशी."

बिचारा कॅमेऱ्याची माहिती सांगत होता. पण काजलने ते ऐकलं आणि ओढणी सारखी न करता, शहाणं हसू न आणता तिने सरळ त्या काचेत बघितलं. वर्षभर 'पीं' आणि 'खट्'च्या मधे लपून जे बघितलं होतं, ते सगळं तिने आता उघड्यावर आणलं.

खट् वाजेना. देठ खुडणाऱ्या बायकांचं बोलणं ऐकू येत होतं, लांबून फुईचा आवाज येत होता आणि भूपेश बटणावर बोट ठेवून नुसता उभा होता.

"काय व्हयनं?" काजलने हळूच विचारलं. "नवा कॅमेरा बी उशीर करस का?"

त्याने कॅमेरा खाली घेतला. रुमालही खाली ओढला. डोळे भरले होते, आणि मिरचीचं निमित्त सांगायचं त्यालाही सुचलं नाही.

"इतला दिन माले वाटे, कॅमेराच खराब शे," तो म्हणाला. "कॅमेराना काय दोष... उशीर मन्हाकडूनच व्हयना." मग कॅमेऱ्यावर झाकण लावत, "तुन्हा फोटो मी सुरतले देवाव नही, काजल."

"मंग कोनले देशी?"

"मन्ही मायले देखाडसू... तू हो म्हनशी त."

काजलने पायाजवळची एक मिरची उचलली, तिचा देठ खुडला आणि ती पुन्हा पसाऱ्यात टाकली. हो म्हणायला तिला तेवढा वेळ लागला.

"मंग जुना देखाड," ती म्हणाली. "आठेच, पथारीवर काढेल, पहिला. त्यामा मी खरी शे."

फुईला सांगायचं धाडस काजलनेच केलं. मिरची नुसत्या वासावरून ओळखणारी ती बाई, तिला फारसं सांगावं लागलंच नाही. तरीच म्हणू पोर देखी कोठे ऱ्हायनी, एवढं म्हणून तिने भूपेशला नखशिखांत बघून घेतलं आणि मग कोरीटला जाऊन भावाशी दोन दिवस भांडली. भाऊ सुरतेच्या इंजिनियरवर अडून बसला होता. पण वत्सलाफुईपुढे आजवर कुणाचं चाललंय?

आता या सगळ्याला दहा-बारा वर्षं झाली. झेरॉक्सच्या दुकानाचा स्टुडिओ झाला आणि त्या मधल्या दर्जाच्या कॅमेऱ्यालाही कधीच निवृत्ती मिळाली. चंदेरी कॅमेरा कपाटात आहे. नवे सेल घातले तरी तो सुरू होत नाही, पण काजल तो कुणाला टाकू देत नाही. भिंतीवर मोठा करून लावलेला फोटो मात्र त्याचाच आहे. फुटलेला लाल रंग, कुंकू सांडल्यासारखी मिरची, आणि कॅमेऱ्यावरून वर कुठेतरी बघणारी एक मुलगी.

घरी कुणी पाहुणा आला आणि त्याने त्या फोटोकडे बघितलं की काजलची सासू अजून ती गोष्ट सांगते. काजल हो म्हणाली त्या दिवशी भूपेश शहाद्याहून पुढे गावी आला, हातपाय न धुता चुलीपाशी बसला आणि खिशातून हा फोटो काढून तिच्या हातात दिला. तिने पिठाचे हात पुसले, फोटो उजेडात धरला, उलटसुलट करून बघितला. मुलगी चांगली होती, पण एक गोष्ट तिला काही केल्या उमगेना.

"हाई पोर देखी कोठे ऱ्हायनी?" तिने विचारलं.

"मन्हाकडे," भूपेश म्हणाला.